आठवड्याचा काटा

वजन उतरवायचे ठरवून चार ओळखीच्या माणसांनी दर आठवड्याला जमायचे, एकाच काट्यावर एकामागून एक उभे राहायचे आणि मधल्या सात दिवसांत काय काय खाल्ले ते एकमेकांना सांगायचे, ही रीत जेमतेम पाऊणशे वर्षांची आहे. पथ्य, उपास आणि व्यायाम त्याहून कितीतरी जुने. एकत्र व्यायाम करणेही जुनेच. कोल्हापूरच्या मोतीबाग किंवा गंगावेश तालमीत पहाटे हौद्यात उतरणारा मल्ल एकटा नसे. जोडीदाराशिवाय कुस्तीचा सराव होतच नाही. पण तालीम होती अंग कमावण्यासाठी. जोर-बैठकांच्या जोडीला दूध, तूप, बदामांचा खुराक असे आणि पोराचे वजन भरले की वस्तादाला समाधान वाटे. शिवाय तालमीचे दार बायकांना बंद होते. वजन घटवण्यासाठी माणसे जमू लागली ती अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि जमणाऱ्यांत गृहिणींचाच भरणा होता. या मंडळांनी कोणतेही नवे आहारशास्त्र शोधले नाही. त्यांनी पाळलेली पथ्ये डॉक्टरांनी आधीच आखून ठेवली होती. नवी होती ती बैठक.

त्याआधी जाड माणसाचा झगडा एकट्याचा असे. लंडनच्या विल्यम बँटिंगचे उदाहरण यात सर्वांत प्रसिद्ध आहे. बँटिंगचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा होता. राजघराण्यातल्या अंत्ययात्रांचे काम त्याच्या घराण्याच्या पेढीकडे असे. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन ९१ किलोंच्या वर. बुटाचे बंद बांधायला वाकता येत नसे, जिना उलट्या पावलांनी उतरावा लागे. एका डॉक्टरच्या सल्ल्याने त्याने टेम्स नदीत वल्ही मारली. त्याने स्नायू बळकट झाले, पण भूकही वाढली आणि वजन चढले. तुर्की स्नाने झाली, औषधी पाण्याच्या झऱ्यांच्या वाऱ्या झाल्या. अखेर ऑगस्ट १८६२ मध्ये तो ऐकू कमी येऊ लागले म्हणून विल्यम हार्वी या कानाच्या शल्यवैद्याकडे गेला. हार्वीने कानाचा दोष चरबीवर ठेवला आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे बंद केले. वर्षभरात सुमारे २१ किलो वजन उतरले. १८६३ मध्ये बँटिंगने आपला अनुभव स्वखर्चाने पुस्तिकेच्या रूपात छापला. तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि हजारो लोक त्या पथ्याला लागले, पण प्रत्येक जण आपापल्या घरी. लठ्ठ माणसाची चारचौघांत कशी थट्टा होते याचे दुःख बँटिंगने त्याच पुस्तिकेत मांडले आहे. असे असताना या दुखण्यासाठी चारचौघांतच जाऊन बसावे, ही कल्पना त्या काळात कुणाला सुचली नाही यात नवल नाही.

ती सुचण्यासाठी आधी वजन ही आकड्याने सांगायची गोष्ट व्हावी लागली. नाणे टाकून वजन दाखवणारी यंत्रे १८८५ च्या सुमारास जर्मनीतून अमेरिकेत पोचली आणि स्टेशनांत, औषधांच्या दुकानांत उभी राहिली. (भारतीय रेल्वेच्या फलाटांवरच्या यंत्रांतून वजनाबरोबर भविष्याचेही तिकीट मिळे, तिथे लोकांचे लक्ष बहुधा मागच्या बाजूकडे असे.) १९२० नंतर घरगुती काटा न्हाणीघरात शिरला. दरम्यान आयुर्विमा कंपन्यांच्या लक्षात आले होते की जाड विमेदार लवकर दगावतात. मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांच्या देखरेखीखाली १९४२ मध्ये स्त्रियांसाठी आणि १९४३ मध्ये पुरुषांसाठी उंचीनुसार ‘योग्य’ वजनांची कोष्टके निघाली. ही कोष्टके विम्याच्या हिशेबासाठी होती, पण ती डॉक्टरांच्या भिंतींवर लागली आणि कोट्यवधी माणसांना आपण अमुक इतके किलो जास्त आहोत हे पहिल्यांदा कळले.

वजन करण्यासाठी वर्ग भरवावेत ही सूचना मात्र याच्याही आधीची आहे. लॉस एंजेलिसच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांचे आहारावरचे पुस्तक १९१८ मध्ये आले. पीटर्स स्वतः एके काळी १०० किलोंच्या आसपास होत्या, त्यामुळे त्यांचा सूर उपदेशाचा नव्हता, खट्याळ होता. अन्न उष्मांकांत मोजायला सामान्य वाचकाला शिकवले ते त्यांनीच. पहिले महायुद्ध चालू होते, अन्न वाचवणे हे देशकार्य ठरले होते, आणि जाड बायकांनी एकत्र येऊन वजन करून घेणारे ‘काइझरविरोधी’, म्हणजे जर्मन सम्राटाविरुद्धचे, वर्ग काढावेत असे त्यांनी सुचवले. पुस्तक पुढे कित्येक वर्षे सर्वाधिक खपाच्या याद्यांत राहिले. युद्ध संपले तसा वर्गांचा विषय मागे पडला. वाचकांनी उष्मांक तेवढे उचलले.

बैठकीला खरे बळ मिळाले ते दारू सोडवणाऱ्यांकडून. १९३५ मध्ये ओहायो राज्यातल्या अक्रन गावी दोन दारुड्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभी राहिली. ज्याने तोच भोग भोगला आहे त्याच्याइतका दुसरा मदतनीस नाही आणि कबुली सर्वांसमक्ष द्यायची, हे तिचे दोन आधार. डॉक्टर, पाद्री किंवा समाजसेवक यांना त्या खोलीत विशेष मान नव्हता. हा नमुना पुढे अमेरिकेत जुगारापासून अनेक व्यसनांना लावला गेला, आणि खाण्यालाही.

जानेवारी १९४८ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात एस्थर मान्झ या गृहिणीने तीन मैत्रिणींना आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बोलावले. त्यातून जी संस्था झाली तिचे नाव संक्षेपाने टॉप्स. नियम मोजके होते. दर आठवड्याला भेटायचे, वजन नोंदवायचे आणि पथ्य आपापल्या डॉक्टरकडून लिहून आणायचे. संस्था आहार सांगत नसे, औषध विकत नसे आणि नफा घेत नसे. ज्याने डॉक्टरने ठरवून दिलेले वजन गाठले तो वेगळ्या दर्जाचा सभासद होई आणि पुढे ते वजन टिकवण्याची जबाबदारी त्याच्यावर येई. वर्षातून एकदा सर्वांत जास्त वजन घटवणाऱ्यांना राजा-राणीचा मुकुट घातला जाई.

मुकुटाची दुसरी बाजू कमी गोड होती. सुरुवातीच्या काळात टॉप्सच्या पुष्कळ शाखांत वजन वाढलेल्या सभासदाची उघड फजिती केली जाई. गळ्यात डुकराचे चित्र अडकवायचे, वेगळ्या कोपऱ्यात बसवायचे, सगळ्यांनी मिळून चिडवणारे गाणे म्हणायचे, असे प्रकार चालत. बाहेर ज्या थट्टेपासून पळून माणूस या खोलीत आला, तीच थट्टा इथे उपचार म्हणून वापरली जात होती. काहींना त्याने जोर येई, काही पुन्हा फिरकत नसत. हे प्रकार पुढे बंद झाले. पण लाज वाटायला लावून वजन उतरते की समजून घेतल्याने, हा वाद या सगळ्या इतिहासात सतत डोके वर काढतो.

डॉक्टरांचे यश या काळात किती होते ते पाहिले की मंडळांकडे लोक का वळले ते कळते. १९५९ मध्ये अल्बर्ट स्टंकार्ड आणि मेव्हिस मॅक्लॅरेन-ह्यूम यांनी न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात वजनासाठी आलेल्या १०० रुग्णांचा मागोवा घेतला. त्यांतल्या फक्त १२ जणांचे वजन ९ किलोंहून अधिक उतरले होते, आणि दोन वर्षांनी ते टिकवलेले दोघेच उरले होते. मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या स्टंकार्ड यांनी पुढे फिलाडेल्फियातल्या टॉप्सच्या २२ शाखा पाहिल्या आणि १९७० मध्ये निष्कर्ष छापले. एकही डॉक्टर नसलेल्या या बैठकांचे सरासरी फळ वैद्यकीय उपचारांच्या तोडीचे होते. शाखाशाखांत मात्र मोठी तफावत आढळली. पथ्य साधारण सारखेच, माणसे वेगळी.

जानेवारी १९६० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये तीन बायकांनी ओव्हरईटर्स अनॉनिमस सुरू केली. तिने अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्या, म्हणजे सभासदाने क्रमाने पाळायचे बारा टप्पे, जवळपास जशाच्या तशा घेतल्या आणि अति खाणे हे व्यसनच मानले. वर्गणी नाही, सभासदांची आडनावे नाहीत. ही संस्था जगभर पसरली, तरी वजन घटवण्याच्या मंडळाचे जे रूप जगाने उचलले ते पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जन्मले.

जीन निडेच यांचा जन्म १९२३ चा, ब्रुकलिनमधला. वडील टॅक्सी चालवत, आई नखे रंगवण्या-सजवण्याचे काम करी, नवरा बसचालक. घर क्वीन्समधल्या लिटल नेक या वस्तीत. १९६१ मध्ये निडेच ३८ वर्षांच्या होत होत्या आणि वजन ९७ किलो होते. बाजारात भेटलेल्या एका ओळखीच्या बाईने त्या छान दिसतात असे म्हणून बाळंतपण कधी आहे ते विचारले. त्या गरोदर नव्हत्या. या प्रसंगानंतर त्या न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने चालवलेल्या लठ्ठपणाच्या मोफत दवाखान्यात गेल्या. तिथला आहार डॉ. नॉर्मन जॉलिफ यांनी आखलेला होता. आठवड्यातून पाच वेळा मासे, एकदा कलेजी, दिवसाला पावाचे दोन काप, दोन पेले बिनसायीचे दूध, गोड आणि दारू पूर्ण बंद. जेवणाची वेळ चुकवायची नाही. पथ्य खरोखर चांगले होते. दहा आठवड्यांत नऊ किलो उतरले.

तरी निडेच चोरून खात होत्या. चॉकलेटचे कवच असलेली विशिष्ट बिस्किटे त्यांना सुटत नव्हती; ती त्या न्हाणीघरातल्या धुण्याच्या टोपलीत लपवून ठेवत आणि रात्री खात. हे दवाखान्यात सांगण्याची सोय नव्हती. तिथे नियम सांगितले जात आणि काटा पाहिला जाई. म्हणून त्यांनी सहा जाड मैत्रिणींना घरी बोलावले आणि बिस्किटांची गोष्ट सांगून टाकली. मग प्रत्येकीकडे आपापली टोपली निघाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटायचे ठरले. त्या येताना आणखी बायका घेऊन आल्या आणि दोनेक महिन्यांत आकडा ४० वर गेला. दिवाणखाना पुरेना. महाराष्ट्रातल्या भिशीत जशी हप्ता भरण्याची सक्ती पैशापेक्षा मैत्रिणींच्या नजरेची अधिक असते, तशीच इथे पथ्याची होती. दवाखान्याला फसवणे सोपे होते, शेजारणीला अवघड.

निडेच यांनी आहारात काही बदल केला नाही. दवाखान्याचाच कागद त्यांनी मैत्रिणींना वाटला. बोलण्याची हातोटी मात्र त्यांची स्वतःची होती. त्या विनोदी होत्या, स्वतःचा जुना फोटो दाखवून हसू शकत होत्या आणि समोरच्या बाईला तिच्या चोरून खाण्याची लाज वाटू देत नव्हत्या. टॉप्सच्या डुक्करगाण्यांपासून हा मोठा फरक होता. इथे वजन वाढलेल्या सभासदाला शिक्षा नसे, आठवडा कसा गेला असे विचारले जाई आणि मग खोलीतल्या इतर बायका काय करता येईल ते सुचवत. लग्नघरी वाढलेले ताट कसे टाळायचे, मुलांच्या ताटात उरलेले पोटात जाऊ नये म्हणून काय करायचे, नवरा मिठाई घेऊन आला तर काय म्हणायचे, असे प्रश्न कोणत्याही आहारकोष्टकात नव्हते. ऑक्टोबर १९६२ च्या अखेरीस निडेच यांचे वजन ६४ किलोंवर आले. ३२ किलोंहून जास्त उतरलेले ते वजन त्यांनी पुढच्या आयुष्यात मोठ्या प्रमाणावर टिकवले, जे या क्षेत्रात दुर्मीळ आहे.

इथवर हा मैत्रीचा व्यवहार होता. तो धंदा झाला तो अल आणि फेलिस लिपर्ट या जोडप्यामुळे. लाँग आयलंडवर राहणाऱ्या लिपर्टनी निडेचना आपल्या घरी बोलायला बोलावले, दोघांचेही वजन उतरले, आणि कपड्यांच्या व्यापारात मुरलेल्या अल यांनी यातली संधी हेरली. मे १९६३ मध्ये वेट वॉचर्स ही कंपनी नोंदली गेली. पहिली जाहीर बैठक लिटल नेकमध्ये एका चित्रपटगृहाच्या वरच्या जागेत झाली. खुर्च्या ५० मांडल्या होत्या, लोक ४०० आले. निडेच यांनी त्यांना गटागटाने आत घेऊन तेच भाषण पुन्हा पुन्हा दिले. प्रवेशाला दोन डॉलर ठेवले होते, त्या काळच्या सिनेमाच्या तिकिटाएवढे.

कंपनीचा एक नियम फार हुशारीचा होता. बैठक चालवणारी व्यक्ती याच कार्यक्रमातून वजन उतरवलेली असली पाहिजे. त्यामुळे प्रत्येक शहरात तयार कार्यकर्त्यांची फळी आपोआप निर्माण होई, तिचा पगार फार द्यावा लागत नसे आणि समोर बसलेल्यांचा विश्वास पहिल्या मिनिटाला बसे. याच सभासदांपैकी काहींनी आपापल्या राज्यात शाखांचे हक्क विकत घेतले. १९६६ मध्ये पाककृतींचे पुस्तक निघाले, १९६८ मध्ये मासिक, आणि त्याच वर्षी कंपनीचे समभाग बाजारात आले. १९७३ मध्ये दहावा वाढदिवस न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारोंच्या गर्दीत साजरा झाला. निडेच यांनी त्याच वर्षी अध्यक्षपद सोडले. १९७८ मध्ये टोमॅटो सॉससाठी प्रसिद्ध असलेल्या हाइन्झ कंपनीने वेट वॉचर्स विकत घेतली. कमी खा म्हणणारी संस्था खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या मालकीची झाली आणि गोठवलेल्या तयार जेवणाच्या डब्यांवर तिचे नाव झळकू लागले. यात विसंगती आहेच, पण ती लपवलेली नव्हती. ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये डर्बीशर परगण्यात मार्गारेट माइल्स-ब्रॅमवेल यांनी स्लिमिंग वर्ल्ड सुरू केली. तिचाही साचा तोच: चर्चचे सभागृह, काटा आणि गोलाकार मांडलेल्या खुर्च्या.

आज विचित्र वाटेल, पण या सगळ्या पहिल्या मंडळांत व्यायाम जवळपास नव्हताच. बँटिंगच्या वल्ह्यांची आठवण जणू अजून ताजी होती: व्यायामाने भूक लागते, असाच समज होता. वेट वॉचर्सने व्यायाम आपल्या कार्यक्रमात घेतला तो १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तोपर्यंत दुसऱ्या एका मित्रमंडळाने त्याची वाट पाडली होती, आणि तेही डॉक्टरांचे नव्हते.

न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड हे धावपटूंचे प्रशिक्षक. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांनी दोन सुवर्णपदके जिंकली, तेव्हा ऑकलंडमधले पोट सुटलेले उद्योगपती त्यांना व्यायामाबद्दल विचारू लागले. कॉलिन के हे त्यांतले एक. पुढे ते ऑकलंडचे महापौर झाले. १९६२ मध्ये के यांच्या पुढाकाराने ऑकलंड जॉगर्स क्लब सुरू झाला. सभासदांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले लोकही होते, आणि त्या काळी अशांना डॉक्टर विश्रांती सांगत. लिडियार्डचा सल्ला सोपा होता: शर्यत लावायची नाही, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळायचे. धाप लागून बोलणे थांबले तर वेग जास्त झाला. सोबती हेच मोजमापाचे साधन झाले. घड्याळापेक्षा हे जास्त उपयोगी ठरले, कारण घड्याळ माणसाला चढवते आणि सोबती आवरतो.

१९६२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बोवरमन ऑकलंडला आले. पन्नाशी ओलांडलेले बोवरमन स्वतःला तंदुरुस्त समजत. या मंडळाबरोबर पळताना ते मागे पडले, आणि सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला एक सभासद त्यांच्या सोबतीला मागे थांबला. सहा आठवड्यांच्या मुक्कामात बोवरमन रोज पळाले, कंबर उतरली. युजीन गावी परतल्यावर त्यांनी विद्यापीठाच्या मैदानावर गावकऱ्यांना बोलावले. पहिल्या खेपेला दोनएक डझन आले, थोड्याच आठवड्यांत शेकडो. इतक्या लोकांत कुणी कोसळेल या भीतीने बोवरमननी ते काही काळ थांबवले आणि वॉल्डो हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञाला बरोबर घेऊन वयानुसार, प्रकृतीनुसार क्रमाक्रमाने वाढणारा कार्यक्रम बसवला. दोघांचे जॉगिंगवरचे पुस्तक १९६७ मध्ये आले आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. तंदुरुस्तीसाठी रस्त्याने पळणारा प्रौढ माणूस त्यानंतर अमेरिकेत संशयास्पद वाटेनासा झाला. बोवरमन पुढे ज्या बूट कंपनीचे सहसंस्थापक म्हणून ओळखले गेले ती नायकी. या पळण्यातूनही बाजार उभा राहिलाच.

या धाग्याचे सर्वांत साधे रूप बरेच नंतर आले. ऑक्टोबर २००४ मध्ये लंडनमधल्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांनी शनिवारी सकाळी १३ मित्रांना पाच किलोमीटर पळायला बोलावले. फी नाही, बक्षीस नाही. पार्करन नावाने तोच प्रकार आज अनेक देशांतल्या बागांत दर शनिवारी चालतो आणि चालत अंतर कापणाऱ्यांनाही त्यात जागा आहे.

महाराष्ट्रात ही प्रथा अशा एखाद्या संस्थेच्या मागून आली नाही. इथे वैद्यकीय कारणाने सुरू झालेले सकाळचे फिरणे आणि बागेतली मंडळे यांतून ती हळूहळू घडली. मार्च १९९५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला. त्यात वजनाचा हिशेब नव्हता, पण रोज ठरल्या वेळी तीच माणसे भेटणे आणि न आलेल्याची चौकशी होणे हे सगळे होते. फेब्रुवारी २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यावर पळणाऱ्यांचे गट शहराशहरांत निघाले. गरजही तोवर वाढली होती. भारतीयांच्या शरीरात कमी वजनालाही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो, हे लक्षात घेऊन २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांनी लठ्ठपणाची मर्यादा वजन-उंचीच्या निर्देशांकात ३० वरून २५ वर आणली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या २४ टक्के स्त्रियांचे आणि जवळपास २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर होते.

सोबतीने खरोखर फरक पडतो का, हे तपासायला शास्त्रज्ञांनी बराच वेळ लावला. सर्वांत नेटका प्रयोग रीना विंग आणि रॉबर्ट जेफ्री यांचा, १९९९ मधला. त्यांनी १६६ जणांना वजन घटवण्याच्या कार्यक्रमात घेतले. काही एकटे आले होते, काही आपल्या तीन मित्रांना किंवा नातलगांना घेऊन. एकट्यांपैकी ज्यांना नेहमीचा कार्यक्रम दिला त्यांतले ७६ टक्के शेवटपर्यंत टिकले, आणि उतरलेले वजन पुढच्या सहा महिन्यांत पूर्ण टिकवणारे २४ टक्के निघाले. मित्रांसह आलेल्या आणि एकमेकांना आधार द्यायला मुद्दाम शिकवलेल्यांत हेच आकडे ९५ आणि ६६ टक्के होते. पुढे २०११ मध्ये ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या ७७२ लोकांवरच्या चाचणीत वर्षभर वेट वॉचर्सच्या बैठकांना पाठवलेल्यांचे वजन दवाखान्यातल्या नेहमीच्या सल्ल्यापेक्षा साधारण दुप्पट उतरले: सरासरी पाच किलो विरुद्ध सव्वादोन किलो. दुप्पट हा शब्द मोठा वाटतो, पण ९७ किलोंच्या माणसाला पाच किलो म्हणजे काय ते सांगायला नको.

मैत्रीचा परिणाम उलट्या दिशेनेही होतो. २००७ मध्ये निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या १२,०६७ लोकांच्या ३२ वर्षांच्या नोंदी तपासल्या. एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला तर तो स्वतः लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढत होती. हा मित्रांचा परिणाम की सारखीच माणसे मित्र होतात याचा, यावर संख्याशास्त्रज्ञांत वाद झाला. पंगतीत आग्रह झेललेल्या वाचकाला मात्र पहिला अर्थ पटायला अभ्यासाची गरज पडणार नाही.

मंडळांची उणीव पहिल्यापासून एकच राहिली: बैठक सोडली की वजन परत चढते. कंपनीच्या दृष्टीने ही उणीव फायद्याचीही होती, कारण परतणारा सभासद पुन्हा फी भरतो. टीकाकारांनी हे वारंवार दाखवून दिले आणि त्यात तथ्य आहे. १९९९ मध्ये हाइन्झने वेट वॉचर्स युरोपातल्या एका गुंतवणूक कंपनीला विकली. पदार्थांना गुण देण्याची पद्धत त्याआधीच आली होती, मग ती मोबाइलवर गेली, आणि खोलीतली बैठक खर्चिक वाटू लागली. २०१५ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या ओप्रा विन्फ्री यांनी कंपनीत भागीदारी घेतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये निडेच ९१ व्या वर्षी वारल्या. कोविडच्या महासाथीत प्रत्यक्ष बैठका बंद पडल्या आणि त्यांतल्या पुष्कळ पुन्हा उघडल्याच नाहीत. २०२१ मध्ये सेमाग्लूटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत वजन घटवण्यासाठी परवानगी मिळाली. मैत्रिणींनी जे साधायचे त्याहून बरेच जास्त ते साधू लागले. २०२३ मध्ये वेट वॉचर्सनेही असे औषध लिहून देणारी ऑनलाइन सेवा विकत घेतली, पण उशीर झाला होता. मे २०२५ मध्ये १.१५ अब्ज डॉलरचे कर्ज उतरवण्यासाठी कंपनीला दिवाळखोरीच्या न्यायालयात जावे लागले. ते कर्ज मालकीच्या व्यवहारांतून आणि विस्तारातून साचले होते. आठवड्याच्या बैठकीला खुर्च्या, काटा आणि बोलू शकणारी एक बाई यापलीकडे फारसा खर्च कधीच नव्हता. टॉप्स आणि ओव्हरईटर्स अनॉनिमस या दोन्ही संस्था आजही नफा न घेता, स्वयंसेवकांच्या बळावर चालू आहेत.